सोनीबाईच्या दुधीचा लिलाव: भाईंदर ते जव्हार, दोन दिवस

जव्हारला जायचं ठरलं ते एका बिर्याणीमुळे. आणि ती बिर्याणी मी खाल्ली म्हणून.

सांगते, पण आधी एक गोष्ट. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतेय आणि माझी नात करुणा मोबाईलवर टाइप करतेय. मध्येच ती "आजी, हे नको लिहायला" म्हणते. नेमकं तेच मी लिहायला लावतेय.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, भाईंदर पूर्वेची. इंद्रलोकच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे, तिथे दर रविवारी मराठी उपासना होते. बहुतेक माणसं मूळची नगर-जालन्याकडची, मुंबईच्या खोल्यांतून इकडे फ्लॅटमध्ये आलेली, नोकरीवाली. आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे आहेत, तरी मी त्यांना अहो-जाहो करते. रविवारी ते माझ्यापेक्षा उंचावर उभे असतात ना.

गेल्या पावसाळ्यानंतर पाळकसाहेबांनी ठरवलं की जगातली गरिबी काय असते ते मंडळीने शिकायचं. शिकवायला साळवे सर. सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, पण भूगोल निवृत्त झाला नाही. पाच रविवार उपासनेनंतर भिंतीवर जगाचा नकाशा. जिथे भूक जास्त ते देश लाल, जिथे कमी ते पिवळे. मला सगळं जग वाळत घातलेल्या गोधडीसारखं दिसलं. माणसं उसासे टाकायची आणि चहाला जायची.

पाचव्या रविवारी सरांनी जेवण ठेवलं. दारात चिठ्ठी उचलायची. बहुतेकांना नुसता भात आणि पाणी, काहींना वरण-भात, आणि तिघांना बिर्याणी. जगात अन्न असंच वाटलं जातं, ते अंगाला लागावं म्हणून हा खेळ. मला चिठ्ठी वाचता आली नाही, पण ताट आलं तेव्हा वास बरोबर वाचता आला. बाकीचे दोन बिर्याणीवाले शरमेने ताट पुढेमागे करत बसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता आजी उठणार, वाटणार, सगळ्यांचे डोळे भरणार. मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली.

"आजी," सर म्हणाले, "वाटून खावंसं नाही वाटलं?"

"सर, ताट तुम्ही वाढलंत. वाटायचं होतं तर पातेल्यापाशीच वाटायचं होतंत."

त्या दिवसापासून मंडळीला चैन पडेना. जिन्यात वाद, व्हॉट्सअ‍ॅपवर वाद. शेवटी कोणीतरी म्हणालं, नकाशे पुरे, जाऊन बघू. पाळकसाहेबांच्या ओळखीची यमुना नावाची मुलगी जव्हारजवळच्या पाड्यांवर बालवाड्या चालवते. पाडा म्हणजे आदिवासींची छोटी वस्ती. यमुना फोनवर सरळ बोलली. "दिवाळीनंतर इथली माणसं वीटभट्टीला जातात आणि मुलांनाही घेऊन जातात. मुलं मागे राहावीत म्हणून जेवणा-झोपण्याची सोय करायचीय. तीन वर्षं सोबत देणारं कुणीतरी हवंय. पण आधी तीन-चार गट आले, फोटो काढले, चादरी वाटल्या आणि गेले. पाड्यावरच्या बायका म्हणतात, आता एकच गट बघणार. त्यांनी 'परत या' म्हटलं तर जानेवारीपासून सुरू करू. नाही म्हटलं तर मीही तुम्हाला बोलावणार नाही. आणि गाठोडी आणू नका."

म्हणजे बघायला आम्ही जाणार, आणि पसंती तिकडून येणार.

नोव्हेंबरच्या शेवटी निघालो. चौदा माणसं, एक भाड्याची ट्रॅव्हलर. माणशी बाराशे रुपये, त्यात गाडी, एक रात्र आणि जेवणं. सकाळी साडेपाचला इंद्रलोकहून निघून काशिमिऱ्याला हायवे धरला. ड्रायव्हर म्हणाला, "दादी, आगे बैठो, पीछे उछलोगी." त्याचं ऐका, म्हाताऱ्यांनी पुढेच बसा. वसईच्या पुढे एका ठिकाणी धूर आला, सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मनोरला वडापाव आणि चहा. बायकांनी इथेच सगळं उरकून घ्यावं, कारण पुढे सोय मनासारखी नाही. मनोरला हायवे सोडून उजवीकडे वळायचं, विक्रमगडवरून जव्हार. विक्रमगड सुटलं की वळणं सुरू होतात, झाडी दाट होते, आणि भाईंदरला आपण श्वास अर्धाच घेत होतो हे कळतं. चहा-नाश्ता धरून चार तास लागले. गाडी करायची नसेल तर पालघरहून किंवा ठाण्याहून जव्हारची एसटी मिळते, पण पाड्यापर्यंत काहीच जात नाही. जव्हारहून आणखी तासभर, आणि शेवटची वीस मिनिटं पायी. चांगल्या चपला घाला. माझ्या पायात लग्नाच्या होत्या. करुणा म्हणते, माझ्याच हट्टाने. बरं.

पाड्यावर पोचलो तेव्हा अर्धी दारं बाहेरून काट्या लावून बंद. माणसं भट्टीला गेलेली. उरलेल्या बायकांत पुढे होती सोनीबाई. माझ्याच वयाची असेल, लुगडं गुडघ्यावर, दात माझ्यापेक्षा जास्त. ती कुणालाच अहो-जाहो करत नव्हती. पाळकसाहेबांना म्हणाली, "तू यांचा मोठा ना? मग आदी तू बस." पाळकसाहेब मुकाट बसले. मला ती बाई तिथेच आवडली.

जेवायला नागलीची भाकर, उडदाची आमटी, लाल मिरचीची चटणी. नागली म्हणजे आपली नाचणी. साळवे सरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीच्या वेळी त्यांना जगाचा नकाशा आठवला असावा, कारण हात मागे घेतला. सोनीबाई म्हणाली, "खा की. मोजतो कशाला?"

जेवणं झाली आणि सोनीबाईने सुपात काही घालून आमच्यापुढे ठेवलं. दोन मोठ्या काकड्या, थोडे उडीद, आणि आढ्यावरून काढलेला एक वाळका दुधी, तान्ह्या मुलाएवढा.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. आमची शेतं केव्हाच सुटली, पण कापणीचा सण सुटलेला नाही. वर्षातून एक रविवार प्रत्येकाने काहीतरी पिकलेलं आणायचं. कुणी गावाहून कणसं आणतं, कुणी स्टेशनबाहेरून नारळ. उपासना झाली की त्याचा लिलाव. लिंबू पाचशेला जातं, अंडं सातशेला, आणि पैसा देवाच्या कामाला. बोली पुकारते मी. वीस वर्षं झाली. कागद लागत नाही, कोण किती बोललं आणि कोण नुसतंच खाकरलं, सगळं डोक्यात राहतं.

तर तो दुधी समोर आला आणि माझं तोंड माझ्या आधी उघडलं. दुधी दोन्ही हातांनी उचलला आणि ओरडले, "बोला मंडळी! पाड्याची भेट! शंभरपासून बोला!"

आणि मंडळी बोलली! पाच रविवार ज्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, त्यांना एकदम काय करायचं ते कळलं. "दोनशे!" "तीनशे!" "अहो, लाजू नका, पगार झालाय!" पाळकसाहेबसुद्धा हसत पाचशे बोलले. अकराशेला दुधी साळवे सरांचा झाला. टाळ्या पडल्या. मी नोटा गोळा करून सोनीबाईच्या हातात ठेवल्या. आता बाई खूश होणार.

तिने नोटांकडे बघितलं. "हे काय?"

"दुधीचे."

"इकला तू?"

मी मान डोलावली.

"बी हाय त्यात. बी आमी इकत नाय. पाव्हण्याला देतो, तो लावतो." तिने नोटा सुपात ठेवल्या आणि सूप माझ्याकडे सरकवलं. मग साळवे सरांच्या मांडीवरून दुधी उचलला. सरांनी धरून नव्हता ठेवला, पण सोडायलाही जरा वेळ लावला. ती आत गेली. बाकीच्या बायका तिच्यामागे.

यमुना म्हणाली, "चला आजी. उशीर होतोय."

अडीचच वाजले होते.

'परत या' कुणी म्हणालं नाही.

गाडीत सर म्हणाले, "आपला हेतू तर चांगला होता."

"हेतू पोटात असतो, सर. तिने हात बघितले."

जव्हारला लॉज साधा पण स्वच्छ. गरम पाणी बादलीने, सकाळी आठपर्यंतच. गाव थंड आहे, शाल न्या. सूर्यास्त बघायची जागा नावाजलेली आहे, सगळे बघायला गेले. मी खोलीतच बसले. परत आले तेव्हा प्रत्येकाकडे एकेक उपाय. पैसे वाढवून देऊ. साड्या देऊ. एक जण म्हणाला, माफीचं पत्र लिहू.

"लिहा," मी म्हटलं. "मी सही करू शकत नाही आणि ती वाचू शकत नाही. फार उपयोगी पडेल."

पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांना मुलांची ती सोय मनापासून हवी होती, मला दिसत होतं. "आजी," ते म्हणाले, "मीही पाचशे बोललो." एवढंच म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. खरं सांगते, ते ओरडले असते तर मला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे राजवाडा बघणार होते. मी म्हटलं, मला पाड्यावर सोडा. यमुना आधी नको म्हणाली, मग म्हणाली, "एकट्या जा. भाषण करू नका." करुणा सोबत आली, कारण लग्नाच्या चपला.

सोनीबाई आवराआवर करत होती. दोन दिवसांनी तीही भट्टीला निघणार होती. ताडपत्री, पातेली, डालीत कोंबड्या. दोन नातवंडं बोचक्यावर बसलेली. तिने मला बघितलं, पाट सरकवला नाही. मी जमिनीवर बसले. शेजारी सुपात उडीद होते. मी सूप उचललं आणि पाखडायला लागले. बराच वेळ ती माझे हात बघत राहिली.

"शेरातली नायस तू."

"नगरकडची. दुष्काळातली."

मग मी तिला कोटाची गोष्ट सांगितली. ही मी मंडळीत कधी सांगितलेली नाही, करुणानेही तिथेच पहिल्यांदा ऐकली. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. आम्ही खडी फोडायला जायचो. मिशनच्या बंगल्यावर परदेशातून मोठमोठ्या पेट्या यायच्या, गरिबांना वाटायला. आमच्या वाट्याला एक कोट आला. जाड लोकरीचा, गळ्याला कुठल्यातरी जनावराचे केस. भर वैशाखात. आईने वाकून घेतला, साहेबाने फोटो काढला. घरी येऊन तिने कोट कापला आणि गळ्याच्या केसांची चुंबळ केली. वर्षभर त्या चुंबळीवर मी खडीचं घमेलं वाहिलं.

सोनीबाईने विचारलं, "केस वरल्या अंगाला का खालच्या?"

"खाली. डोक्याला मऊ."

ती हसली. अशी हसली की हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. आतल्या दोघी बघायला आल्या, त्यांना तिने आपल्या बोलीत सांगितलं, त्याही हसल्या. मीही हसले. मग ती थांबली.

"म्हंजे तुला ठावं होतं."

"होतं."

"तरी इकला."

"तरी विकला. तोंडाची सवय."

ती आत गेली, दुधी घेऊन आली, कानाशी धरून हलवला, कोयत्याने तोंड उडवलं आणि माझ्या ओंजळीत बिया ओतल्या. "थंडी सरली का लाव. धरला, तर एक वेलावरच सुकू दे, तोडू नको. त्याचं बी घिऊन ये. आखातीला मी इथं असन." आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा भट्टीवरची माणसं घरी येतात.

"आणि नाही धरला तर?"

"मग बघू."

मी नातवंडांकडे बघितलं. "मुलांचं काय? जानेवारीपासून..."

"ते आखातीला बोलू. बी आन आदी."

उठताना मी विचारलं, भट्टी कुठे. म्हणाली, तुमच्याच वाटेवर, वसईच्या पुढे. काल आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या ना, तिथेच कुठेतरी.

परत येताना त्याच ठिकाणी ड्रायव्हर म्हणाला, "काच लगाओ." करुणाने लावली. धूर आला की माणूस काच लावतोच. पण काचेतून मी बघत होते, आणि मागे सगळेच बघत होते. विटांच्या रांगा आणि रांगांमध्ये वाकलेल्या बायका. साळवे सर बोटाने काहीतरी मोजायला लागले आणि मग हात खाली ठेवला.

रविवारी मंडळीत काय बघितलं ते सांगायला मला उभं केलं. मी लिलावाचं सांगितलं, पहिल्यापासून. कुणी हसलं नाही, म्हणून मलाच मध्ये दोन विनोद घालावे लागले. मग भांडण लागलं, आणि ते आजही मिटलेलं नाही. सरांचं म्हणणं, "एका वेलासाठी मुलांची सोय अडवायची? भूक थांबते का?" सर चुकीचं बोलत नाहीत. पाळकसाहेबांनी यमुनाला फोन केला, आम्ही आत्ताच खोली बांधून देतो म्हणाले. यमुना म्हणाली, "ज्यांच्या पाड्यात बांधायची त्या भट्टीवर आहेत. त्या आल्या की विचारते." म्हणजे सोनीबाईची दोन नातवंडं या वर्षी भट्टीवरच राहिली. मी दुधी हातात घेऊन ओरडले नसते तर कदाचित जानेवारीत घरी आली असती. हे मला रोज टोचतं. कुणी सांगायला नको.

हॉलच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, निळे ड्रम कापून त्यात माती भरली. सात बिया लावल्या, चार उगवल्या, दोन वेल टिकले. ते ग्रिल धरून पहिल्या मजल्यावर गेले. तिथल्या गुजराती बेन आधी भांडल्या, "मच्छर आएगा!" आता त्याच वरून पाणी घालतात आणि खाली कोण उभं आहे ते बघत नाहीत. पांढरी फुलं येऊन नुसतीच गळायला लागली. इथे मधमाशी कुठली? तेव्हा रोज तिन्हीसांजेला मी खाली उतरते, नर फूल तोडून मादी फुलाला लावते. पाळकसाहेबांना म्हटलं, तुम्ही माणसांची लग्नं लावा, ही मी लावते.

तीन दुधी धरले. एक कुजला. एक सूनबाईने कोवळा बघून तोडला आणि चण्याची डाळ घालून भाजी केली. मी तोंडात घास घेतला नाही. करुणा म्हणते, घेतला. थोडा.

आता एकच आहे. आणि त्या एकासाठी सगळी मंडळी जागच्या जागी येरझारा घालतेय. कुणी फलक छापून ठेवलाय, 'दत्तक पाडा' असा, तो मी कपाटामागे टाकायला लावला. कुणी न सांगता चादरी जमवल्या आहेत, त्या हॉलच्या कोपऱ्यात छतापर्यंत गेल्यात. उपासनेनंतर आता नकाशा लागत नाही, पण दहा-बारा माणसं मागे जाऊन दुधी बघून येतात. द्यायला निघालेल्या माणसाला थांबायला सांगितलं की त्याचं कसं होतं, ते मी या उन्हाळ्यात बघतेय. बिर्याणीच्या दिवशी भात मिळालेल्यांचंसुद्धा इतकं झालं नव्हतं.

तुम्हाला जव्हारला जायचं असेल तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, थंडीत जा, मनोरचा वडा खा, राजवाडा बघा. आम्ही गेलो तो पाडा मात्र मी सांगणार नाही. मलाच अजून परत बोलावलेलं नाही.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मी मागे गेले, तर साळवे सर स्टुलावर चढलेले. दुधीच्या खाली झोळीसारखा रुमाल धरून ग्रिलला गाठ मारत होते.

"सर, पडाल."

"वजन येतंय, आजी. देठ तुटेल."

"तुमचं म्हणणं होतं ना, वेलासाठी थांबू नये?"

"अजूनही तेच म्हणणं आहे," सर म्हणाले. "तो स्टूल जरा धरा."

मी धरला.

तेवढ्यात पाळकसाहेब फोन घेऊन आले. यमुना बोलत होती. भट्टीवर जाऊन आली होती. सोनीबाईने तिला विचारलं होतं, "त्या म्हातारीचा धरला का?"

मी म्हटलं, "सांग तिला, एकच आहे. हिरवाय अजून."

सोनीबाईने विचारलं ते वाट बघतेय म्हणून की परीक्षा घेतेय म्हणून, मला कळलेलं नाही. यमुनालाही सांगता येईना. सर स्टुलावरून उतरले, हात झटकले आणि मला विचारलं, आखातीला किती दिवस राहिले. मी बोटांवर मोजून सांगितलं. मग आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो, त्या रुमालाकडे बघत.